लिब्रेइलेक टाकलं पण टीव्हीवर चित्रच नाही? मग या क्रमाने बघा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर लिब्रेइलेक ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, त्यात कोडी हे सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर आपोआप येतं, आणि घरच्या साध्या टीव्हीवर सगळे सिनेमे, नाटकं, फोटो बघायचे, हा प्रकार एकदा जमला की खरंच सुख आहे. पण पहिल्याच दिवशी स्क्रीन काळी राहिली की लोक गडबडतात आणि एकदम पाच सेटिंग बदलून टाकतात, मग मूळ बिघाड कुठला आणि आपण नंतर केलेला कुठला तेच कळेनासं होतं. त्यामुळे आधी चित्र कुठे अडतंय ते शोधा, क्रम असा ठेवा की करंट, मेमरी कार्ड, केबल, टीव्ही आणि सगळ्यात शेवटी फाईल, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खाली सगळं पाय ४ धरूनच लिहितोय कारण घरोघरी तोच जास्त दिसतो, पाय ५ मध्ये काय वेगळं आहे ते जिथे लागेल तिथे सांगतो.

सुरुवात अ‍ॅडॅप्टरपासून. या बोर्डाला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतो, पाय ५ ला तर ५ व्होल्ट ५ अँपिअर. घरात पडलेला मोबाईलचा चार्जर लावला तर लाल दिवा लागतो म्हणजे सगळं ठीक असं वाटतं, पण सिनेमा सुरू होऊन लोड वाढला की व्होल्टेज पडतं आणि मग बोर्ड मध्येच रिस्टार्ट होणार, हार्ड डिस्क गायब होणार. टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून करंट घ्यायची आयडिया तर अजिबात नको, त्यातून साधारण अर्धा अँपिअर मिळतो. बिना अ‍ॅडॅप्टरची पोर्टेबल हार्ड डिस्क लावणार असाल तर हेही लक्षात ठेवा की पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यामुळे दोन डिस्क लावल्यात तर वेगळ्या करंटचा हब घ्याच. आणि २०१९ च्या अगदी सुरुवातीच्या पाय ४ बोर्डात लॅपटॉपच्या जाड टाइप-सी केबलवर करंटच येत नाही असा दोष होता, सेकंडहँड घेतलेला असेल तर साधी केबल लावून बघा.

आता कार्ड. लिब्रेइलेकची फाईल डाऊनलोड केली आणि सरळ कार्डावर कॉपी-पेस्ट केली तर काही होणार नाही, ती रास्पबेरी पाय इमेजर किंवा लिब्रेइलेकचाच क्रिएटर या प्रोग्रॅमने कार्डावर लिहावी लागते. इमेजर वापरलात तर त्यात मीडिया प्लेअरच्या यादीत लिब्रेइलेक मिळतं, आपल्या बोर्डाचंच निवडा. लिहून झालं की विंडोज विचारतं की ही डिस्क फॉरमॅट करू का, तिथे नाही म्हणायचं! कार्डाचा दुसरा भाग लिनक्सचा असतो, तो विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते विचारतं, बाकी कार्डात काही खोट नसते. कार्ड बोर्डात घालून चालू केलं की हिरव्या दिव्याकडे बघा. तो अधूनमधून कसाही लुकलुकत असेल तर कार्ड वाचलं जातंय, चित्राची भानगड पुढे आहे. चारदा किंवा सातदा लुकलुकून थांबतो आणि परत तेच, असं असेल तर सुरू व्हायला लागणाऱ्या फाईलीच कार्डावर सापडत नाहीयेत, म्हणजे कार्ड परत लिहा, आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं तर कार्ड बदला. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत, वर ६४ जीबी लिहिलेलं आणि आत भलतंच.

कार्डाचा अजून एक शत्रू म्हणजे लाईट जाणं. चालू असताना धाडकन करंट गेला की कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो, त्यामुळे बंद करताना मेनूतून शटडाऊन करा, प्लग ओढू नका, आणि जिथे दिवसातून दोनदा लाईट जाते तिथे बोर्ड इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. सगळं नीट बसलं की लिब्रेइलेकच्या सेटिंगमधून एक बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट. बोर्ड व्यवस्थित चालू आहे, हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि टीव्ही म्हणतो नो सिग्नल. आधी सोपं बघून घ्या, पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय आहेत आणि त्यातलं टाइप-सी करंटच्या शेजारचं म्हणजे शून्य नंबरचंच वापरायचं. मध्ये साऊंडबार, स्प्लिटर असं काही असेल तर ते काढून थेट टीव्हीला लावा. मायक्रो एचडीएमआयची पिन नाजूक असते, जड कन्व्हर्टर लोंबकळत ठेवला की ढिली होते.

एवढं करूनही कधी येतं कधी येत नाही असं असेल तर एक गोष्ट तपासा, हे लाईट जाऊन आल्यावरच होतं का? त्याचं कारण असं की बोर्ड सुरू होताना एचडीएमआयमधून टीव्हीला विचारतो की तुला कुठलं रिझोल्यूशन चालतं, आणि टीव्ही आपली माहिती त्याला देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. लाईट आली की बोर्ड लगेच आपोआप सुरू होतो पण टीव्ही स्टँडबायला पडलेला असतो, काही टीव्ही त्या अवस्थेत उत्तरच देत नाहीत, मग बोर्डाला वाटतं समोर कोणी नाहीच आणि तो चित्र पाठवत नाही. तुम्ही नंतर रिमोटने टीव्ही लावता तेव्हा उशीर झालेला असतो. तात्पुरता उपाय म्हणजे टीव्ही आधी लावून मग बोर्ड रिस्टार्ट करणं. कायमचा उपाय म्हणजे टीव्हीची ती माहिती कार्डावर सेव्ह करून ठेवणं. त्यासाठी टीव्ही चालू ठेवून, चित्र दिसत असताना, लिब्रेइलेकच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेसमधून एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डाला कमांड द्यायची सोय) चालू करा, कॉम्प्युटरवरून रूट या युजरने आत जा, आणि इंग्रजी लहान अक्षरांत गेटईडीआयडी (getedid, एकच शब्द), मग स्पेस, मग क्रिएट (create) अशी कमांड द्या. बोर्ड रिस्टार्ट होईल आणि इथून पुढे टीव्ही झोपलेला असो की जागा, चित्र पाठवत राहील. आई-वडिलांच्या घरी गावाला बोर्ड लावून देणार असाल तर हे न विसरता करूनच या, नाहीतर प्रत्येक वेळी लाईट गेली की तुम्हाला फोन येणार. टीव्ही बदललात तर मात्र तीच कमांड क्रिएटच्या जागी डिलीट (delete) लिहून द्या आणि नव्या टीव्हीवर परत सेव्ह करा.

चित्र आलं पण कडा कापल्यात, घड्याळ अर्धवट दिसतंय, तर कोडीला हात लावू नका, ते काम टीव्हीचं आहे. कुठे त्याला जस्ट स्कॅन म्हणतात, कुठे स्क्रीन फिट, कुठे फुल पिक्सेल, पिक्चर साइझच्या मेनूत मिळेल. काळा रंग राखाडी दिसतोय किंवा उलट अंधारातलं काहीच दिसत नाही, तर कोडीत सिस्टिम, डिस्प्लेमध्ये लिमिटेड कलर रेंज म्हणून आहे, ती आणि टीव्हीची एचडीएमआय ब्लॅक लेव्हल एकमेकांशी जुळत नाहीयेत. दोन्हीकडे एकदम बदलू नका, एकीकडेच बदला.

फोरके टीव्ही असेल तरी मेनूचं रिझोल्यूशन १०८०पीच ठेवा, बोर्डावर उगाच ताण नको, सिनेमा लागला की तो स्वतः फोरकेला जाईल. पण त्यासाठी सेटिंगच्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात खाली गिअर आहे तो एक्सपर्टवर आणा, डिस्प्लेमधल्या व्हाइटलिस्टमध्ये (कोडीला वापरायची परवानगी असलेल्या रिझोल्यूशनची यादी) टीव्हीला चालणारी १०८०पी आणि फोरकेची रिझोल्यूशन टिक करा, आणि प्लेअर, व्हिडिओजमध्ये अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट हे ऑन स्टार्ट-स्टॉपवर ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ च्या आसपास फ्रेमचा असतो, आपल्याकडचं टीव्हीचं रेकॉर्डिंग २५ चं, आणि टीव्ही ६० वर अडकून बसला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके देतं. बऱ्याच जणांना वाटतं बोर्ड कमी पडतोय, पण तो बिचारा बरोबर असतो. सिनेमा सुरू होताना दोन सेकंद काळी स्क्रीन येईल, तो रेट बदलतोय, घाबरू नका.

आता खरंच अडखळतंय, आवाज पुढे चित्र मागे, असं असेल तर कीबोर्ड लावून सिनेमा चालू असताना ओ दाबा. डिकोडरच्या (फाईल उलगडून चित्र बनवणाऱ्या भागाच्या) ओळीत एचडब्ल्यू दिसलं तर चिपमधलं हार्डवेअर काम करतंय, एसडब्ल्यू दिसलं तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. व्हिडिओ फाईल वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये दाबलेली असते, त्यातला एच २६४ पाय ४ मध्ये हार्डवेअरवर १०८०पी पर्यंत चालतं आणि एचईव्हीसी फोरकेपर्यंत, पण व्हीपी९ आणि एव्ही१ ला हार्डवेअर नाही. पाय ५ मध्ये तर फक्त एचईव्हीसीच हार्डवेअरवर आहे, बाकी प्रोसेसर जोरात आहे म्हणून १०८०पी तरीही आरामात निघतं. म्हणजे एव्ही१ ची फोरके फाईल पाय ४ वर अडकत असेल तर सेटिंग शोधत रात्र घालवू नका, दुसऱ्या फॉरमॅटमधली फाईल बघा. ओळीत एचडब्ल्यू असूनही अडकतंय तर मग वायफाय बघा, मोठ्या फाईलसाठी लॅनची वायर टाकलेली कधीही उत्तम. पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाईल कॉपीच होत नसेल तर तो फॅट३२ आहे, एक्सफॅट करून घ्या, पण आतलं सगळं आधी काढून ठेवा, फॉरमॅट केल्यावर ते जातं.

शेवटी जुन्या नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडींबद्दल, कारण त्या जपून ठेवलेल्या घरात हा प्रश्न येतोच. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं असतं, ते मोठ्या टीव्हीवर धूसरच दिसणार, तो तुमच्या सेटअपचा दोष नाही. पण नट हलला की कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील (डीव्हीडीत हे जास्त) तर चालू व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा. आणि सगळी पात्रं जाडी दिसत असतील तर कुठेतरी स्ट्रेच लागलंय, कोडीत व्ह्यू मोड नॉर्मल करा आणि टीव्हीचं पिक्चर साइझही १६:९ च ठेवा, झूम नको. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या, ते नाटक तसंच चौकोनी शूट केलेलं आहे. हे व्ह्यू मोड कोडी प्रत्येक फाईलपुरतं लक्षात ठेवतं, त्यामुळे एका नाटकासाठी बदललं म्हणून बाकीचे सिनेमे बिघडत नाहीत.