फिल्म फेस्टिव्हलची ओळख डिझाइन करताय? मग हे बघा

सगळ्यात आधी लोगो-पोस्टरमधून रीळ, क्लॅप आणि पॉपकॉर्न काढून टाका. स्वित्झर्लंडचा लोकार्नो फेस्टिव्हल १९४६ पासून चालू आहे, आज पिवळ्यावर काळे ठिपके दिसले की लोकांना बिबट्या आणि लोकार्नो दोन्ही कळतं, नाव वाचावंच लागत नाही. आपल्या इफ्फीचा, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलचा, मोर पण तसाच. तुम्हालाही असं एकच काहीतरी शोधायचंय, आणि ते चालतंय का बघायला नाव झाकून मोबाइलवर अगदी बारीक करून कुणाला तरी दाखवा.

आता खरं काम, सिनेमाचे स्टिल्स, म्हणजे सिनेमातले फोटो. फेस्टिव्हलला लोक सिनेमासाठी येतात, त्यामुळे तुमच्या डिझाइनने स्टिलला जागा द्यायची, त्यावर चढून बसायचं नाही. फ्रेमची रुंदी उंचीच्या किती पट, ते प्रत्येकाचं वेगळं, कुठला सिनेमा १.३७ चा, कुठला १.८५, कुठला २.३९, आणि आपण इन्स्टाच्या चौकोनात बसवायला सगळे कापतो, कृपया हे करू नका, ती फ्रेम कुणीतरी फार विचार करून लावलेली असते. त्यापेक्षा ग्रिडमध्ये उंची सगळ्यांना सारखी ठेवा आणि रुंदी सोडून द्या. ओळींची कड थोडी मागेपुढे दिसेल, छान दिसतं ते.

मराठी आधी सेट करा, इंग्रजी नंतर. उलटं केलं की ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठरतं आणि खालच्या ओळीतली वेलांटी, रफार वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात. फॉन्टचं बजेट नसेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ फुकट आहे, सात वेट्स (अक्षरांच्या जाड्या) मिळतात, देवनागरी आणि रोमन दोन्ही. आणि इराणी, पोलिश, कोरियन नावं इंग्रजी स्पेलिंग बघून लिहू नका, उच्चार ऐकून लिहा.

प्रत्येक सिनेमाआधी लागणारी सिग्नेचर फिल्म १५-२० सेकंदांचीच करा, कारण रोज चार सिनेमे बघणाऱ्याला आठवडाभरात ती २८ वेळा बघायचीये. सेकंदाला २४ फ्रेम्सवर, थिएटरच्या पडद्याच्या दोन्ही मापांत, फ्लॅट १९९८×१०८० आणि जास्त रुंद स्कोप २०४८×८५८ पिक्सेल, अशा दोन्ही काढा, आणि थिएटरात लावून बघाच, लॅपटॉपवर सुंदर वाटणारं पांढरं बॅकग्राउंड अंधारात डोळ्यात खुपतं.

शेड्यूलच्या कागदाला चकचकीत लॅमिनेशन नको. लोक त्यावर पेनाने खुणा करतात, तेव्हा प्रत्येक सिनेमापुढे थोडी कोरी जागा पण सोडा.