पर्शियन मांजर घरी आणण्यापूर्वी

पिल्लू बघायला जाण्याआधी घरात एक गोष्ट ठरवून टाका: रोज फणी कोण फिरवणार? ‘सगळे मिळून करू’ असं म्हटलं की थोड्याच दिवसांत कोणीच करत नाही. पर्शियनच्या अंगावर वरून लांब केस आणि आत दाट, मऊ लव असते. सुटलेली लव बाहेर न पडता आतच अडकते आणि गुंता होतो. मांजर अंग चाटून आपलं आपण आवरेल ही अपेक्षा या जातीकडून ठेवू नका. चाटताना पोटात गेलेले केस गोळे होऊन ओकारीतून बाहेर येतात, तेही काम वाढतंच. रोजची दहा-पंधरा मिनिटं निघणार नसतील तर आखूड केसांचं मांजर आणा, तेही तितकाच लळा लावतं.

वेळ निघणार असेल तर आता पिल्लाकडे वळू. गोल डोकं, लहान कान, मोठे डोळे, आखूड दणकट पाय आणि झुपकेदार शेपूट ही ओळख सगळ्यांना माहीत असते. निरखून बघायचं ते नाक. नाकाचा वरचा काठ डोळ्यांच्या खालच्या पापणीपेक्षा वर असेल, इतका चपटा चेहरा मी तरी टाळायला सांगेन. फोटोत तो गोंडस दिसतो, पण श्वास घोरल्यासारखा होतो, डोळे सतत गळतात, दात वेडेवाकडे येतात आणि भूल देतानाही जास्त जपावं लागतं. पांढऱ्या रंगाचं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू आवडलं तर त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून बघा. अशी बरीच मांजरं जन्मतः बहिरी असतात. बहिरेपणा निघाला म्हणून नाकारायला नको, फक्त त्याला घराबाहेर मोकळं सोडायचं नाही.

विकणाऱ्याकडे आई-बापाच्या पीकेडी चाचणीचा कागद मागा. या आनुवंशिक आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, त्या वयाबरोबर वाढत जातात आणि बरं करणारा उपाय नाही. आई-बापांपैकी एकात जरी तो दोष असला तरी प्रत्येक पिल्लात उतरण्याची शक्यता निम्मी असते. चाचणी रक्तावर किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते. कागद दाखवायला कोणी कुरकुर करत असेल तर तिथून निघा. पिल्लू 12 आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्यावं, आणि अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर थांबावं. तो नायटा असू शकतो. या जातीत तो बऱ्यापैकी आढळतो आणि माणसांनाही लागतो.

सामानात आधी धातूच्या दोन फण्या घ्या, एक विरळ दातांची आणि एक बारीक. नुसता ब्रश वरवर फिरतो. वरून केस चकचकीत दिसतात आणि आत नमदा जमलेला असतो. विरळ फणी आधी टोकांकडून चालवत मुळाशी या, मग बारीक. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेपटीखाली गुंता आधी होतो, आणि नेमकी तिथेच मांजराला फणी नको असते. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन-दोन मिनिटं, अंगावर हात फिरवता फिरवता सवय लावा. गुंता कात्रीने कापू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, ती गुंत्यासोबत वर ओढली जाते आणि सहज कापली जाते. हाताने सोडवा, नाहीतर डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या. आंघोळ घालायची तर गुंता आधी निघालेला हवा, कारण पाणी लागलं की तो आवळतो. नंतर केस मुळापर्यंत सुकवावे लागतात.

डोळ्यांसाठी मऊ कापूस आणि कोमट पाणी पुरतं, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्या. स्राव पिवळा-हिरवा झाला किंवा मांजर डोळा मिटून बसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. खाण्याची वाटी उथळ हवी. लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूची पेटी, मोठा घ्या, आणि त्यात घालायची वाळू (लिटर) पंज्यांच्या केसांना चिकटणार नाही असं बघा.

पर्शियन सहसा पडद्यांवर चढत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि फार गलबला नसलेलं घर त्याला मानवतं. दुखलं-खुपलं तरी फारसं ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं, तेवढ्यावरून ओळखावं लागतं. उकाडा मात्र सोसत नाही: सावलीची, हवेशीर खोली आणि थंड फरशी मोकळी ठेवा. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते तातडीचं समजा. घरात लिलीची फुलं नकोत, तिचे परागकणसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करतात. कुत्र्याचं पिसवांचं औषध आणि माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही त्याच्या जिवावर बेतते.

आधीच्या घरी ते जे खात होतं तेच खाणं थोडं मागून आणा आणि नवीन खाद्य आठवडाभरात हळूहळू मिसळा. नव्या घरी पहिले काही तास ते खाटेखालून बाहेरच आलं नाही तर येऊ द्या त्याच्या मर्जीने. पण 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. तो नंबर आधीच लिहून ठेवा.