गाणं शुक्रवारी, पिच महिनाभर आधी

माझं पहिलं गाणं मी बुधवारी रात्री अपलोड केलं आणि रिलीजची तारीख टाकली शुक्रवारची. मास्टर, म्हणजे गाण्याचं शेवटचं तयार रेकॉर्डिंग, हातात आलं होतं, धीर धरवत नव्हता, एवढंच कारण. रविवारी निवांत बसून शोधायला लागले की स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं कुठे पाठवतात. पाच मिनिटांत कळलं की आता पाठवता येत नाही. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या ॲपमधून पिच करता येतं, म्हणजे प्लेलिस्टसाठी संपादकांकडे पाठवता येतं, ते फक्त बाहेर न आलेलं गाणं. माझं येऊन दोन दिवस झाले होते.

नव्याने सुरुवात करणारे बरेच जण मला पहिला प्रश्न हाच विचारतात: "गाणं आलंय, आता प्लेलिस्टमध्ये कसं टाकायचं?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आतापर्यंत माझी चार गाणी येऊन गेली आणि त्यातली दोन मी स्वतःच्या हाताने वाया घालवली.

आधी प्लेलिस्ट म्हणजे नक्की काय ते वेगळं करून घेऊ. एक, कंपनीचे संपादक बनवतात त्या. दोन, प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी यंत्र बनवतं त्या: दर शुक्रवारी येणारं रिलीज रडार, सोमवारचं डिस्कव्हर वीकली, शिवाय गाणं संपल्यावर आपोआप सुरू होणारा रेडिओ. तीन, तुमच्या-माझ्यासारख्या माणसांनी हौसेने बनवलेल्या. नवखा माणूस पहिल्या प्रकाराच्या मागे लागतो, कारण तिथले फॉलोअर्सचे आकडे डोळे दिपवतात. मीही लागले. पण मला जे काही श्रोते मिळाले ते तिसऱ्या प्रकारातून दुसऱ्यात, असे उलट्या वाटेने मिळाले.

तरीही संपादकांना पिच करायचंच. फुकट आहे, आणि त्यात एक फायदा लपलेला आहे: रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच केलं की ते गाणं तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये जातं. संपादकांनी ढुंकूनही पाहिलं नाही तरी एवढं पदरात पडतं. पण ७ दिवस म्हणजे अगदी काठावरचा हिशोब झाला. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे आपलं गाणं या सेवांवर चढवणाऱ्या कंपनीकडून, गाणं पोहोचायला काही दिवस जातात, कव्हरवर काही खोट निघाली तर परत येतं, आणि पहिलंच गाणं असेल तर कलाकाराचं पान आपल्या नावावर करून घेण्यात आणखी वेळ मोडतो. मी आता चार ते पाच आठवडे धरते.

कव्हरचं सांगायचं तर ३००० गुणिले ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र द्या आणि त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा सोशल मीडियाचं नाव टाकू नका. माझं एकदा एवढ्याचसाठी परत आलं होतं.

नावाचा घोळ मात्र जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या गाण्याच्या वेळी डिस्ट्रिब्युटरच्या अर्जात "या नावाचं पान आधीपासून आहे का" असा प्रश्न होता. मी घाईत तो तसाच सोडला. गाणं माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका कलाकाराच्या पानावर जाऊन बसलं. तो हेवी मेटल वाजवतो. त्याच्या श्रोत्यांना माझं संथ गाणं गेलं आणि त्यांनी ते पहिल्या दहा सेकंदांत पुढे ढकललं. त्यांची काय चूक? पान दुरुस्त व्हायला आठवडा गेला, आणि रिलीजचा पहिला आठवडा परत येत नाही. तेव्हा नावाचं स्पेलिंग प्रत्येक गाण्याला अक्षरन् अक्षर तेच ठेवा आणि गाणं कोणत्या पानावर जाणार हे रिलीजआधी डोळ्यांनी बघा.

आता पिचचा मजकूर. एका वेळी एकच गाणं पिच करता येतं. ते बाहेर येईपर्यंत दुसरं नाही. आल्बम असेल तर त्यातलं एकच निवडावं लागतं. प्रकार, मूड, वाद्यं, भाषा हे यादीतून निवडायचं आणि मग ५०० अक्षरांत गाण्याविषयी लिहायचं. माझा पहिला मजकूर असा होता: "हे गाणं माझ्या काळजाच्या फार जवळचं आहे. लहानपणापासून संगीत हेच माझं जग. श्रोत्यांना नक्की आवडेल." जगातल्या कुठल्याही गाण्याला हे चिकटवता येईल. वाचणाऱ्याला गाणं कुठल्या प्लेलिस्टमध्ये बसेल हे ठरवायचं असतं, आणि मी त्याला माझं बालपण सांगत होते.

चौथ्या गाण्याला लिहिलं ते असं: "दोन अकूस्टिक गिटार, ब्रशने वाजवलेले ड्रम, एकच आवाज. रात्रीच्या लांबच्या प्रवासात ऐकायचं संथ गाणं. कोरस नाही, तिसऱ्या मिनिटाला चेलो येतो. गाण्याचा व्हिडिओ रिलीजच्या दिवशीच येतोय, पुढच्या महिन्यात तीन कार्यक्रम आहेत." वाजतं काय, कधी ऐकावं, आणि गाण्यासाठी तुम्ही स्वतः काय करताय. यापलीकडे काही लागत नाही. प्रकार निवडताना लोभ सुटतो, जिथे गर्दी जास्त तो प्रकार टाकावासा वाटतो. टाकू नका.

त्यानंतर वाट बघायची. निवड झाली तर कळवतात. नाही झाली तर काहीच येत नाही, नकारसुद्धा नाही. मला चारपैकी एकदाही संपादकांची प्लेलिस्ट मिळालेली नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कोण सांगतंय याचा अंदाज येईल.

बाकीच्या सेवांचं थोडक्यात: ॲपल म्युझिकच्या संपादकांपर्यंत सहसा डिस्ट्रिब्युटर किंवा लेबलमार्फत जावं लागतं, म्हणून डिस्ट्रिब्युटर निवडतानाच "तुम्ही पिच करता का" हे विचारा. ॲमेझॉन म्युझिकच्या कलाकारांसाठीच्या ॲपमधून थेट पिच करता येतं.

आता आणखी एक चूक. लाजिरवाणी आहे. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळणार नाही. माझं गाणं चारशेच्या आसपास अडकलं होतं. पैसे तसेही किरकोळच असतात, पण "हजाराच्या आत" हा शिक्का जिव्हारी लागला. त्याच सुमारास एकाचा मेसेज आला: हमखास प्लेलिस्ट, हमखास दहा हजार स्ट्रीम. दिले पैसे.

आकडा चढला, अगदी सरळ रेषेत, रोज जवळपास तेवढाच. मी दोन दिवस खुशीत होते. मग स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये नीट पाहिलं तर सगळे श्रोते दोनच शहरांतले, सेव्ह करणारे शून्य, नवा फॉलोअर एकही नाही. तिसऱ्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरचा ईमेल आला की कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलंय, गाणं उतरवतोय. वाद घालायला जागाच नव्हती. उघड उघड बनावट स्ट्रीम सापडले तर स्पॉटिफाय लेबल आणि डिस्ट्रिब्युटरकडून त्या गाण्यापोटी दंड घेतं, आणि काही डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराकडून वसूल करतात. माझं फक्त गाण्यावर निभावलं.

खोटी प्लेलिस्ट ओळखायची कशी? फॉलोअर पन्नास हजार आणि गाणी मात्र मेटल, लोरी, टेक्नो सगळी एका पोत्यात. त्यातल्या पाच-सहा कलाकारांची पानं उघडा. सगळ्यांचे महिन्याचे श्रोते भरपूर आणि फॉलोअर मूठभर असतील तर तिथून निघा. आणि कुणी प्लेलिस्टमध्ये जागा देण्यासाठी थेट पैसे मागत असेल तर पुढचं बघायचीही गरज नाही, ते स्पॉटिफायच्या नियमांतच बसत नाही. सबमिटहब किंवा ग्रूव्हरसारख्या वेबसाइटवर पैसे द्यावे लागतात ते क्युरेटरने, म्हणजे प्लेलिस्ट बनवणाऱ्याने, गाणं ऐकून उत्तर द्यावं म्हणून. घ्यायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. या दोन्हींत फरक आहे, पण तिथेही खिसा हळूहळू रिकामा होतो, तेव्हा मर्यादा आधी ठरवा.

मला स्वतःला हाताने शोधणंच लाभलं. आपल्यासारखं वाजवणारा, आपल्यापेक्षा जरासाच मोठा कलाकार घ्यायचा. त्याच्या पानावर खाली तो कोणत्या प्लेलिस्टमधून ऐकला जातोय ते दिसतं. त्यातल्या हौशी माणसांच्या प्लेलिस्ट टिपून घ्यायच्या, त्या खरंच ऐकायच्या, मग बनवणाऱ्याला गाठायचं. मेसेज तीन ओळींचा: तुमच्या यादीतलं अमुक गाणं आवडलं, माझं त्याच्या शेजारी बसेल असं वाटतं, ही लिंक. मी अडतीस जणांना लिहिलं. नऊ जणांनी उत्तर दिलं, तिघांनी गाणं घेतलं. एकाने लिहिलं की गाणं चांगलं आहे पण आवाज फार मागे राहिलाय. बरोबर होतं त्याचं.

त्या तीन प्लेलिस्टची गंमत ऐका. एक मोठी होती, अभ्यास करताना मागे लावून ठेवायच्या गाण्यांची. तिथे माझं गाणं अकरा आठवडे राहिलं, आकडे छान आले, आणि काढल्यावर दोन दिवसांत आलेख सपाट झाला. एवढ्या काळात फॉलोअर वाढले चौदा. ऐकणाऱ्यांना गाणं कुणाचं आहे हे बघायचंच नव्हतं. दुसरी होती जेमतेम सहाशे फॉलोअर्सची, रात्रीच्या प्रवासाच्या गाण्यांची. तिथून सत्तरएक जणांनी गाणं सेव्ह केलं, काहींनी स्वतःच्या यादीत घातलं, आणि साधारण तीन आठवड्यांनी स्ट्रीम कुठून येतात त्या यादीत डिस्कव्हर वीकली दिसायला लागलं. ते मागून मिळत नाही. गाणं कुणी सेव्ह केलं, कुणी यादीत घातलं, कुणी अर्ध्यात सोडलं यावरून यंत्र ते आणखी कुणाला द्यायचं हे ठरवतं. तिसरी प्लेलिस्ट महिन्याभरात बंदच पडली.

म्हणून रिलीजच्या दिवशी ओळखीच्यांना "ऐका" म्हणण्याऐवजी "आवडलं तर सेव्ह करा" म्हणते. गाणं आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवा असं कुणालाही सांगू नका. हितचिंतकांनी केलं तरी ते बनावटच मोजलं जाऊ शकतं.

सुरुवातीच्या सेकंदांबद्दल नेहमी विचारणा होते. ३० सेकंद वाजलं की स्ट्रीम धरला जातो, हे खरं. त्यासाठी आवाज पाचव्या सेकंदाला आणा असा सल्ला सर्रास मिळतो. माझं मत: ज्या गाण्याची सुरुवात लांब आहे ते पिच करू नका, दुसरं करा, आहे त्याचा गळा दाबू नका. तसंच मास्टर दाबून दाबून मोठ्ठं करण्याचं. स्पॉटिफाय वाजवताना साधारण -१४ लफ्सवर (लफ्स हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) सगळ्यांना एका पातळीला आणतं, त्यामुळे शेजारच्या गाण्यापेक्षा तुमचं मोठं वाजत नाही, फक्त चेपलेलं वाजतं.

आणि आयएसआरसी जपून ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगचा हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. सुटी गाणी नंतर आल्बममध्ये घालताना किंवा डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच क्रमांक दिला तर जुने स्ट्रीम गाण्यासोबत येतात. नवा घेतला तर बहुतेक वेळा शून्यापासून सुरू.

पाचव्या गाण्याचं मास्टर परवा आलं. तारीख पाच आठवड्यांनंतरची आहे, शुक्रवार. पिचचा मजकूर ४१२ अक्षरांत बसलाय. उरलेल्या ८८ मध्ये काय घालायचं यावर आमचा ड्रमर आणि मी कालपासून भांडतोय.