जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर घेताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतली तरुण मुलं जुन्या गाड्या घेऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. संताप येतो तो घाईचा. शनिवारी फोटो बघायचा, रविवारी टोकन द्यायचं, आणि गाडी दारात आल्यावर विचारायचं, "काका, जरा बघता का?"

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रंगावर भाळणं. पद्मिनी काय, अँबेसेडर काय, दोघींना जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. फ्लोअर आणि दरवाज्यांखालचे पत्रेच सगळा भार पेलतात. आपल्याकडे खाडीची खारी हवा, वर चार महिने पाऊस. पत्रा आतून सडत जातो आणि वरून पुट्टी भरून रंग मारला की गाडी नवीकोरी दिसते.

कळव्याच्या एका मुलाने अशीच पांढरीशुभ्र पद्मिनी आणली होती. इंजिनाचा आवाजही गोड. मॅटिंग उचल म्हटलं, तर ते फ्लोअरला चिकटवलेलं. ओढून काढलं, खाली डांबर फासलेलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आरपार रस्त्यापर्यंत गेला. मग बाजूने जॅक लावून ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. उघडला, पण परत लागेना. गाडी मध्येच वाकत होती. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. दोन्ही बाजूंचे पत्रे कापून नवे घालावे लागले, फ्लोअर नवा टाकावा लागला. खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला, आणि ज्या रंगासाठी ती घेतली तो वेल्डिंगमध्ये जळाला.

म्हणून मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवतो. दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटच्या भोवती फिरवतो. जिथे धरत नाही तिथे पुट्टी. मग मॅटिंग, मग स्टेपनी काढून डिकीचा तळ, शेवटी जॅक. मालक नको म्हणाला की मी चहालाही थांबत नाही. रंग उडालेली पण अख्ख्या पत्र्याची गाडी केव्हाही घ्यावी. शक्य असेल तर भर पावसात बघायला जा, पाणी कुठून शिरतं ते तिथेच कळतं.

दुसरी चूक: "कागदपत्रं एजंट बघेल." आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) आजोबांच्या नावावर, आजोबा गेलेले, वारस तिघे आणि सही करायला एकच तयार, असल्या गाडीला हात लावू नका. पद्मिनीचं इंजिन मध्ये कधीतरी बदललेलं असतं आणि आरसीवर नंबर जुनाच राहतो. इंजिन आणि चासी, दोन्ही नंबर स्वतः वाचा, चासी नंबरची पेन्सिलने छाप घ्या. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, पाच-पाच वर्षांसाठी होतं. ती तारीख आणि पर्यावरण कराची पावती बघा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

"व्हिंटेज आहे" हे ऐकून जास्त पैसे मोजू नका. 2021 च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली लागतात, आणि ती गाडी मग रोज ऑफिसला नेता येत नाही. 1988 ची पद्मिनी ही जुनी पद्मिनी, एवढंच.

बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर गार होईपर्यंत थांबा, इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा.

सपाट रस्त्यावर चालवून समाधान मानू नका. येऊरच्या चढावर न्या. दुसरा गिअर सुटतो का, उतरताना ड्रम ब्रेक एका बाजूला ओढतात का, ते तिथे दिसतं.

ग्रिल, बीडिंग (कडेच्या चकचकीत पट्ट्या), बंपर जागेवर आहेत ना ते मोजा. इंजिनाचे पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतात, मूळ ग्रिलसाठी मात्र वर्षभर वणवण होते.

पेट्रोलचे जुने रबरी पाइप पहिल्याच आठवड्यात बदला. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे ते टिकत नाहीत, आणि गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

सोसायटीत छपराखालची जागा आधी पक्की करा. उघड्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेली गाडी आतल्या दमटपणाने एका पावसाळ्यात गंजायला लागते.