कामगार अपघात भरपाई: छोट्या धंद्याला सूट कधी लागते आणि तिचे कागद कसे करायचे

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याचं कंत्राट घ्यायला गेलं, सरकारी निविदा भरली, अगदी हॉटेलचं एसी-दुरुस्तीचं काम धरलं, तरी समोरून एक कागद मागितला जातो: ‘ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नसल्याचं सर्टिफिकेट’ किंवा ‘डब्ल्यूसीची (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार अपघात भरपाईची) एक्झेम्प्शन’. तो मिळवायला बरेच मालक पणजीत पाटोवरच्या सरकारी कार्यालयांत चकरा मारतात. धंदा छोटा आहे म्हणून अपघात भरपाईतून सोडणारं सर्टिफिकेट द्यायची तरतूद कायद्यात नाही. एकच माणूस कामाला असला तरी काम करताना त्याला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. ही जबाबदारी ईएसआयकडे जाते, विमा कंपनीकडे जाते, नाहीतर मालकाच्या खिशावर येते. सूट म्हणून जे कागद जोडायचे, ते यातली वाट कोणती हे दाखवणारे कागद.

आधी कायद्याचं नाव नीट लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू आहे. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. पत्रात नुसत्या जुन्या कायद्याचा उल्लेख राहिला तर कागद परत येऊ शकतो. संहितेचं नाव आधी घ्यावं आणि जुन्या कायद्याचं पुढे.

यानंतर माणसं मोजायची. सगळा निकाल इथेच लागतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू. मोजणीत कायम, रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले आणि एजन्सीचा सिक्युरिटी गार्डसुद्धा धरायचा. महिना २१,००० रुपयांहून जास्त वेतन असलेल्याचं ईएसआय कापलं जात नाही, पण मोजताना तो माणूस येतोच. प्रोप्रायटर स्वतः मोजणीत येत नाही. भागीदारही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा पगारी संचालक मात्र कर्मचारी धरला जाऊ शकतो, १९९७ चा अपेक्स इंजिनिअरिंगचा निकाल तसाच आहे. म्हणजे दोन भाऊ भागीदारीत असतील आणि हाताखाली नऊ माणसं असतील, तर ते दहाच्या आत राहतात. त्याच दोघांनी कंपनी काढून पगार घेतला, तर आकडा अकरावर जाऊ शकतो.

किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. ‘आमचा धंदा सीझनचा, आम्हाला लागू नाही’ हे सर्रास ऐकू येतं. कायद्यातली हंगामाची सूट हंगामी कारखान्याला आहे. जेवण वाढणारा शॅक त्यात बसत नाही. नोव्हेंबरात सात पोरं असतात आणि नाताळात बारा होतात, तर बाराचा आकडा धरूनच चालावं. एकदा ईएसआय लागू झाला की पुढे माणसं कमी झाली म्हणून तो आपोआप सुटत नाही.

माणसं खरोखर दहाच्या आत असतील तर दोन कागद तयार करा. पहिला कागद स्वयंघोषणेचा, लेटरहेडवर, साधारण असा: ‘आमच्या आस्थापनेत गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही दिवशी ठेकेदाराच्या माणसांसह जास्तीत जास्त … व्यक्ती कामाला होत्या. त्यामुळे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील कर्मचारी राज्य विम्याचं प्रकरण आम्हाला सध्या लागू नाही. संख्या दहा झाल्यास आम्ही नोंदणी करू. सर्व कामगारांसाठी कर्मचारी भरपाई विमा पॉलिसी क्रमांक …, मुदत … ते …, सोबत जोडली आहे.’ खाली सही, शिक्का, तारीख आणि कामगारांची यादी: नाव, वय, काम, वेतन. ‘जास्तीत जास्त’ हा शब्द गाळू नका. सरासरी आकडा लिहिलेली घोषणा हजेरीपट समोर ठेवला की टिकत नाही.

दुसरा कागद पॉलिसीचा. विमा कंपनीला माणसांची संख्या, वर्षभराचं एकूण वेतन आणि प्रत्येकाचं काम कळवायचं. प्रीमियम त्यावरून ठरतो. प्रीमियम वाचवायला पत्र्यावर चढणाऱ्या वेल्डरला ‘हेल्पर’ दाखवलं किंवा वेतन निम्मं लिहिलं, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी नेमकं तेच पुढे करते. औषधोपचाराचा खर्च, ठेकेदाराची माणसं आणि धंद्यातून होणारे आजार या तीन गोष्टी पॉलिसीत आहेत का ते शोधून वाचा; पुष्कळदा त्या वेगळे पैसे भरून घालून घ्याव्या लागतात. ठेकेदाराची पॉलिसी असली तरी त्याने पैसे दिले नाहीत तर कामगार मूळ मालकाकडे मागू शकतो. म्हणून ठेकेदाराच्या पॉलिसीची मुदत आपल्या कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे ना, हे बिल देण्याआधी तपासावं.

कंपनी काढताना ऑनलाइन अर्जासोबत ईएसआयचा कोड आपोआप मिळतो. माणसं दहा झालेली नसतील तर तो कोड सुप्त ठेवता येतो, पण तसा तो कायम राहत नाही. सहा महिन्यांची मुदत संपण्याआधी ईएसआयसीच्या (ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर लॉगिन करून ती वाढवायची, आणि स्क्रीनची प्रिंट फाईलला लावायची. खऱ्या अर्थाने ‘सूट मिळवण्याचा अर्ज’ म्हणावा असं छोट्या कंपनीच्या वाट्याला एवढंच येतं. सीए करेल म्हणून सोडून दिलं की नोटीस येते, तेव्हा कॅलेंडरवर तारीख मालकानेच लिहून ठेवावी.

माणसं दहा झाली की पोर्टलवर नोंदणी, १७ अंकी कोड, प्रत्येक कामगाराचा विमा क्रमांक. वर्गणी मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. विमाधारक कामगाराला कामावरच्या इजेचे लाभ ईएसआयकडून मिळतात आणि त्याच इजेसाठी तो मालकाकडून वेगळी भरपाई मागू शकत नाही. मालक खरा सुटतो तो इथेच. पण २१,००० च्या वर वेतन असलेला फोरमन ईएसआयच्या बाहेर असतो आणि त्याच्या अपघाताची भरपाई मालकावरच राहते. ईएसआय भरतो म्हणून डब्ल्यूसी पॉलिसी बंद करणारे नेमके या माणसाला विसरतात. अशा दोघा-तिघांपुरती पॉलिसी चालू ठेवा.

रक्कम किती होते ते पाहिलं की हा खर्च जड वाटत नाही. हिशोबात मासिक वेतन १५,००० पर्यंतच धरतात. ३० वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला तर १५,००० च्या निम्मे ७,५००, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के धरून १८,७१,८२०. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड साधारणपणे विमा कंपनी भरत नाही.

‘अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेण्याची पद्धत अजून चालते. तो कागद कायद्याने रद्दबातल आहे. ओडिशा-झारखंडहून आलेल्या पोराच्या अंगठ्याने भरपाईचा हक्क संपत नाही, आणि असा कागद घेणं चुकीचंच आहे. उलट कामावर घेतानाच त्याला समजेल अशा भाषेत भरपाईचा हक्क लेखी कळवणं हे मालकाचं काम आहे. त्या कागदाची त्याच्या सहीची प्रत ठेवा. दारू पिऊन किंवा मशिनचं गार्ड मुद्दाम काढून इजा झाली तर भरपाई नाकारता येते, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हा बचाव चालत नाही.

अपघात झालाच तर त्याच दिवशी अपघात नोंदवहीत वेळ, जागा, मशिन आणि साक्षीदार लिहा. विमा कंपनीला किंवा ईएसआयसीला लगेच कळवा. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांत भरपाईच्या सक्षम अधिकाऱ्यांकडे (जुन्या कायद्यातले भरपाई आयुक्त) अहवाल द्यावा लागतो. कामगार आयुक्तांचं कार्यालय पाटोवर श्रमशक्ती भवनात आहे. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्यांकडेच जमा करायची. कळवळ्याने कुटुंबाच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, ते पुन्हा भरावे लागतात. तीन महिन्यांच्या वेतनाएवढी आगाऊ रक्कम तेवढी वळती होऊ शकते, तिची पावती घ्या. अपंगत्वाच्या प्रकरणात आपसात रक्कम ठरली तर त्या कराराची नोंदही सक्षम अधिकाऱ्यांकडे करून घ्यायची.