३२-बिट बिल्डने माझे चार दिवस खाल्ले

सॉकेटची, म्हणजे नेटवर्कवर बोलायची, फंक्शनं लिनक्सवर सी लायब्ररीतच असतात, जुन्या सोलारिसवर त्यासाठी सॉकेट आणि एनएसएल या लायब्रऱ्या जोडाव्या लागायच्या, विंडोजवर डब्ल्यूएस२_३२ ही लायब्ररी लागते. हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही होतं.

सीप्झजवळच्या एका ऑफिसातली माझी पहिली नोकरी. लिनक्सवर बसून मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या कंपायलरने विंडोजचं बिल्ड काढायचं होतं. ६४-बिटचं सुरळीत झालं. ३२-बिटला मात्र कॉन्फिगर, म्हणजे कंपाइल करण्याआधी काय काय आहे ते तपासणारी ऑटोकॉन्फने बनवलेली स्क्रिप्ट, म्हणे, डब्ल्यूएस२_३२ मध्ये डब्ल्यूएसएस्टार्टअप हे फंक्शन नाही. लायब्ररी तर फोल्डरमध्ये समोर दिसत होती! सीनियर म्हणाला, कंपायलर परत टाक. दोनदा टाकला. रात्री घाटकोपरला डोंबिवलीच्या गाडीची वाट बघताना रडू यायचं.

आता हे सावकाश वाचा. लायब्ररीत फंक्शन आहे का हे तपासणारा ऑटोकॉन्फचा मॅक्रो, एसी_चेक_लिब, हेडर वाचतच नाही. तो फंक्शनचं डिक्लरेशन मनानेच लिहितो, आर्ग्युमेंटशिवाय, आणि ते लायब्ररीशी जोडलं (लिंक) जातं का एवढंच बघतो. ३२-बिट विंडोजवर विनसॉकची, म्हणजे विंडोजच्या सॉकेटची, फंक्शनं एसटीडीकॉल पद्धतीची असतात, म्हणजे नावाला आर्ग्युमेंटच्या बाइटांचा आकडा चिकटतो. डब्ल्यूएसएस्टार्टअपला दोन आर्ग्युमेंट, स्टॅकवर प्रत्येकी ४ बाइट, म्हणून लायब्ररीतल्या नावाला '@८' ही शेपटी. लिंकर शोधतो बिनशेपटीचं नाव. ६४-बिटवर शेपटी नसतेच, म्हणून तिथे ही चूक कळतच नाही.

अशा ठिकाणी एसी_लिंक_इफएल्स वापरा, हा मॅक्रो तुम्ही दिलेला छोटा प्रोग्रॅम लिंक करून बघतो. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये विनसॉक२चं हेडर घ्या, फंक्शन खऱ्या आर्ग्युमेंटसह बोलवा, लिब्जमध्ये, म्हणजे जोडायच्या लायब्रऱ्यांच्या यादीत, डब्ल्यूएस२_३२ जोडा. चाचणी फसली तर लिब्जची जुनी किंमत परत ठेवायला विसरू नका.

यूनेम, म्हणजे चालू मशीनच्या सिस्टिमचं नाव सांगणारी कमांड, बघून लायब्ररी ठरवणारा शॉर्टकट तर अजिबात नको. क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एका सिस्टिमवर बसून दुसरीसाठी बिल्ड काढताना, ती तुमच्या लिनक्सचंच नाव सांगते. त्याऐवजी होस्ट_ओएस बघा, त्यात ज्या सिस्टिमसाठी बिल्ड आहे तिचं नाव असतं. प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या डीएलओपन या फंक्शनसाठी मात्र एसी_सर्च_लिब्ज हा मॅक्रो पुरतो. तो आधी जादा लायब्ररीशिवाय करून बघतो, आणि लिनक्सची सी लायब्ररी ग्लिबसी २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, डीएलओपन सी लायब्ररीतच आहे.

अडकलात तर घाबरू नका, तुम्ही कच्चे आहात असं नाही. पण तयार ओळ हातात देणाऱ्याच्या मागे लागू नका. मला दुसऱ्या टीममधल्या एका ताईंनी सोडवलं. त्यांनी कीबोर्डला हातही लावला नाही. म्हणाल्या, "कॉन्फिगरच्या नोंदींच्या फाइलमधलं, कॉन्फिग.लॉगमधलं, न सापडलेलं नाव कागदावर लिही. आता लायब्ररीवर एनएम चालव, ते आतली नावं दाखवतं, आणि त्याखाली लायब्ररीतलं नाव लिही." दुसरं नाव लिहिताना '@८' पाशी माझा हात थांबला.