मुक्त सॉफ्टवेअर गावात कसे रुजवावे

मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्याने आरंभी आपली सर्व तत्त्वे घरी ठेवावीत आणि गावातल्या एखाद्या वाचनालयात, शाळेत किंवा देवस्थानाच्या कार्यालयात बसून तिथला संगणक नेमका कुठे अडतो, हे अर्धा दिवस शांतपणे पाहावे. गोव्यातल्या मराठी मंडळांत ही अडचण, माझ्या अनुभवात, बहुधा अक्षरांची असते. जत्रेची निमंत्रणे, नाटकाची हस्तपत्रके, भजनी सप्ताहातील पाळ्यांच्या याद्या, असे वर्षानुवर्षांचे लेखन शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत पडून असते. त्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवलेले असतात आणि फाँट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देतो. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर ग्रामदेवतेच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी उमटते.

पहिले काम हेच घ्यावे. मूळ फाइल जपून ठेवून तिची प्रत युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, रूपांतरित करावी आणि रूपांतरानंतर रफार व पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावी, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. मग ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ या नावांच्या फाँटांपैकी एखादा खुल्या परवान्याचा फाँट बसवून द्यावा. टंकलेखनासाठी कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणी शिकवावी. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे ती दिसते तितकी अवघड नाही, शिवाय देवनागरी कोंकणीलाही तीच चालते. हे सारे विंडोजवरही करता येते, आणि आरंभी तिथेच करावे.

एवढे झाले की कोणीतरी हमखास विचारतो, ‘हा फाँट शेजारच्या शाळेला दिला तर चालेल का?’ परवाना समजावून सांगण्याची खरी वेळ ही होय. ‘फुकट’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, कारण फुकटच्या वस्तूविषयी आपल्याकडे आधी संशय आणि मग बेफिकिरी उत्पन्न होते. वापरणे, आतली रचना तपासणे, तीत बदल करणे आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देणे, या चार गोष्टींची मोकळीक म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, असे सरळ सांगावे. उदाहरणही घरचेच द्यावे: गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोंकणी विश्वकोशाचे खंड क्रिएटिव्ह कॉमन्स या पुनर्वापराची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली खुले केले, म्हणूनच त्यातील मजकूर २०१५ साली स्वतंत्रपणे सुरू झालेल्या कोंकणी विकिपीडियाला उघडपणे वापरता येतो. ग्रंथाच्या बाबतीत पटलेली गोष्ट प्रोग्रामच्या बाबतीत पटायला वेळ लागत नाही.

लिनक्सकडे, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या मुक्त संगणकप्रणालीकडे, त्यानंतर वळावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व तुलनेने नवा प्रोसेसर मागते. त्यामुळे वाचनालयांतले पुष्कळसे धडधाकट संगणक नाहक अडगळीत निघण्याच्या वाटेवर आहेत. लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती २ जीबी मेमरीवर चालू होते, मात्र ४ जीबी असल्यास काम सुसह्य होते. ते आधी पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवावे, आणि छपाईयंत्र व वायफाय चालल्याची खात्री होईपर्यंत डिस्कला हात लावू नये. मी एकदा उत्साहाच्या भरात हा क्रम उलटा केला आणि एका संस्थेची पावती छापणे चार दिवस बंद पाडले; तिथे अजूनही लिनक्सचे नाव काढता येत नाही. हिशेबाचे काम करणाऱ्या व्यक्तीला तर किमान महिनाभर विंडोजवरच लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा मुक्त संच वापरू द्यावा. त्यातल्या कॅल्क या हिशेबतक्त्याच्या प्रोग्राममध्ये हात बसला की खालची प्रणाली बदलल्याचे तिला फारसे जाणवत नाही. शिकवण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमाचे मराठी पाठ उपयोगी पडतात.

गट बांधताना वार आणि जागा ठरलेली असावी. सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन अनेक वर्षे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पाळला गेला, पण चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, आसपास गोव्यात कोणालाही संगणकाची बैठक सांगणे म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना व्याख्यान देणे होय. त्याऐवजी पावसाळ्यातले दोन-तीन रविवार धरावेत. प्रोग्राम लिहिणारेच हवेत, हा समज आधी मोडावा. लिब्रेऑफिसचे भाषांतर वेबलेट या ऑनलाइन भाषांतर-साधनावर चालते आणि तिथे मराठी व कोंकणी दोन्हींचे काम करता येते. निवृत्त शिक्षक हे काम तरुण अभियंत्यांपेक्षा अधिक काळजीपूर्वक करतात. भाषावाद मात्र बैठकीत शिरू देऊ नये. ‘फाइल’ला कोणता शब्द योजावा यावर एक संध्याकाळ गेली तरी चालेल, मराठी की कोंकणी या राजभाषेच्या प्रश्नावर जाऊ देऊ नये.

शेवटची अट मी सर्वांत कडक मानतो. ज्या संस्थेत संगणक बदलला, तिथे एक साधी वही ठेवावी, अडचण आल्यास तारखेसह तीत लिहिण्यास सांगावे, आणि गटातील दोघांची नावे व दूरध्वनी क्रमांक पहिल्याच पानावर लिहावेत. एकाचेच नाव लिहिल्यास तो नोकरीनिमित्त पुण्याला किंवा आखाताला गेला की तिथला लिनक्सही त्याच्याबरोबर जातो. दर महिन्याला वही पाहून नोंदी निकालात काढाव्यात, आणि वहीची पाने भरेनाशी होईपर्यंत दुसऱ्या गावाचे निमंत्रण स्वीकारू नये.